ज्वांगसाहेब पोळी करतात

माणसाने आयुष्यात हवा तेवढा मूर्खपणा करावा, पण ‘त्यात काय आहे?’ असं म्हणू नये. त्यातून बायको समोर जेवायला बसलेली असताना आणि सासरे पाठ फिरवून का होईना पण ऐकत असताना तर मुळीच म्हणू नये. ज्वांगसाहेब म्हणाले, आणि पस्तावले.

ज्वांग शौलिन हे शांघायच्या उद्यान खात्यात झाडांना क्रमांक देणाऱ्या विभागाचे उपप्रमुख. रस्त्याकडेच्या झाडांवर पत्र्याचे छोटे बिल्ले ठोकलेले असतात, ते यांच्या सहीने ठोकले जातात. काम फार नाही, पण काही माणसं जन्मतः हसतमुख असतात तसे ज्वांगसाहेब जन्मतःच दमलेले होते. सकाळी उठले की दमलेले, जेवले की दमलेले, सुट्टीच्या दिवशी तर विचारूच नका. निवृत्त झालो की झोपायचं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा त्यांनी उराशी बाळगली होती.

त्यातून ते घरजावई. यांगपू भागातल्या जुन्या कापडगिरणीच्या वस्तीतलं हे तिसऱ्या मजल्यावरचं घर सासऱ्यांचं. बाओ आजोबा त्या गिरणीत मुकादम होते. त्यांनी आयुष्यभर दोनशे बायकांना आणि तेवढ्याच यंत्रांना धाकात ठेवलं, मग एका जावयाचं त्यांना काय विशेष? ज्वांगसाहेबांचे केस पांढरे झाले तरी आजोबा त्यांना ‘छोट्या ज्वांग’ म्हणत. म्हणत असत, असं म्हणायला हवं. कारण वसंतात आजोबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर त्यांनी कुणालाच काही म्हणायचं सोडून दिलं.

हाड छान जुळलं. डॉक्टर म्हणाले, चाला. आजोबा खिडकीशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. लेक यूछिनने माशाचं सूप केलं, वाफवलेलं अंडं केलं, भाताची पेज केली, पेजेत कधी कोळंबी घातली तर कधी भोपळा. आजोबा दोन घास खात आणि वाडगा सरकवून देत. शर्टाची कॉलर दिवसेंदिवस मोठी होत चालली होती.

अशात एका संध्याकाळी आजोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पातीची पोळी.”

यूछिनच्या हातातला डाव खाली पडला. कित्येक आठवड्यांत बाबांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. पण कोपऱ्यावरचा पोळीवाला, ज्याच्याकडून आजोबा रोज सकाळी पोळी आणत, तो उन्हाळ्यातच दुकान विकून गावी गेला होता. त्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळत होती. ज्वांगसाहेबांनी बाजारातून गोठवलेल्या पोळ्यांचं पाकीट आणलं. आजोबांनी एक तुकडा चावला, बाहेर काढला, बशीत नीट ठेवला आणि म्हणाले, “पुठ्ठा.”

यूछिनचे डोळे भरून आले. आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी दिसलं की पुरुषमाणूस जे करतो तेच ज्वांगसाहेबांनी केलं. न विचारता तोंड उघडलं.

“अगं, मैदा, पाणी, तेल आणि कांद्याची पात. त्यात काय आहे?”

यूछिनने चॉपस्टिक खाली ठेवल्या. “शनिवारी कर,” ती म्हणाली.

“मी?”

“मग कोण? त्यात काय आहे ते तुलाच माहीत आहे.”

*

शांघायचा माणूस भातखाऊ. ज्वांगसाहेबांच्या घरात लाटणं नव्हतं, परात नव्हती आणि मैदा म्हणाल तर खिडकीच्या फटीत कागद चिकटवायला खळ लागली तेव्हा कधीतरी आणलेला. तेव्हा नवा मैदा आला, लाटण्याच्या जागी व्हिनेगरची बाटली आली, आणि शनिवारी सकाळी ज्वांगसाहेबांनी बाह्या सरसावून, बायकोचा फुलाफुलांचा एप्रन बांधून पिठात पाणी ओतलं.

पिठात पाणी ओतणं सोपं असतं. नंतर काय होतं ते कुणी सांगत नाही. पीठ आधी हाताला चिकटलं, मग घड्याळाला, मग नळाला. ते सुटावं म्हणून आणखी पीठ घातलं तर त्याचा दगड झाला. तो मऊ व्हावा म्हणून पाणी घातलं तर पुन्हा चिखल. अखेर चिडून ते गोळा ओट्यावर आपटू लागले. एवढ्यात दार वाजलं.

दारात खालच्या मजल्यावरच्या हाओ मावशी. मूळच्या शानतुंगच्या, म्हणजे पिठाच्या मुलखातल्या. चाळीस वर्षं शांघायमध्ये काढूनही भाताला त्या अजून ‘पथ्याचं’ म्हणत.

“वर खून-बिन पडतोय की काय? माझ्या छताचा चुना पडतोय खाली.” मग त्यांची नजर गोळ्यावर गेली. “अगं बाई! हे काय मेलंय इथे?”

“पातीच्या पोळीचं पीठ आहे, मावशी.”

त्यांनी बोटाने गोळा दाबून पाहिला. “गार पाण्यात मळलंस? आमच्याकडे असं पीठ मळणाऱ्या सुनेला दुसऱ्या दिवशी माहेरी धाडत.”

“मी सून नाही,” ज्वांगसाहेब ताठ होऊन म्हणाले.

“तेच म्हणते मी. तू घरजावई. तुझं तर आणखीनच कठीण. उकळतं पाणी घे, उकळतं!”

मावशींचा आवाज जिन्याने वर गेला आणि वरून वेंग मास्तरांना घेऊन खाली आला. वेंग मास्तर शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मास्तर आणि मावशी यांच्यात जिन्यातल्या कुंड्यांवरून फार जुनं वैर. एकाने पूर्व म्हटलं की दुसऱ्याने पश्चिम म्हणायचंच.

“उकळतं पाणी?” मास्तर दारातूनच म्हणाले. “ज्वांगभाऊ, ऐकू नका. उकळत्या पाण्याने पिठातला चिवटपणा मरतो. गार पाणी, आणि मग विश्रांती. पिठाला विश्रांती हवी.”

पिठालाच का, असा एक विचार ज्वांगसाहेबांच्या मनात येऊन गेला.

“हे आम्हाला शिकवणार!” मावशी म्हणाल्या. “मास्तर, तुम्ही कधी पोळी केलीय?”

“मी तत्त्व सांगतोय.”

“तत्त्व भाजून खा मग.”

दोघं अर्धा तास ज्वांगसाहेबांच्या स्वयंपाकघरात भांडत उभे राहिले, आणि ज्याचं ते स्वयंपाकघर होतं तो माणूस कोपऱ्यात अंग चोरून, हाताला सुकलेलं पीठ खरवडत बसला. शेवटी शेजारधर्म म्हणून त्याने अर्धं पीठ उकळत्या पाण्यात आणि अर्धं गार पाण्यात मळलं, म्हणजे दोघांचाही मान राहिला. पिठाचा राहिला नाही. पोळी तव्यावरून उतरली ती आजोबांच्या पुढे गेली. आजोबांनी ती उचलून वाडग्याच्या कडेवर टकटक वाजवून पाहिली.

“कौल,” ते म्हणाले, आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

“पुठ्ठ्यापेक्षा बरं म्हणायचं,” यूछिन म्हणाली. पण हसली नाही.

*

दोष कुठे आहे ते मात्र मास्तरांना आणि मावशींना, वैर असूनही, एकमताने ठाऊक होतं. साटा. साध्या तेलाने पदर सुटत नाहीत. डुकराची चरबी कढवायची, ती गरम असतानाच पिठावर ओतून साटा करायचा, लाटलेल्या कणकेवर फासायचा, वर पात पसरायची, गुंडाळी करून शंखासारखी वेटोळी घालायची आणि मग दाबायची. हे ऐकता ऐकताच ज्वांगसाहेब दमले.

बाजारात ते खाटकापुढे उभे राहिले तर खाटीक म्हणतो, “पोळीला ना? पाठीची चरबी न्या.” मागे उभी असलेली बाई म्हणाली, “पोटाची न्या हो, पाठीची कडक होते.” तिच्या मागची म्हणाली, “तुमची बायको कुठे आहे?”

“घरी.”

“आजारी आहे?”

“नाही.”

“मग?”

पाठीची आणि पोटाची अशी दोन्ही चरबी घेऊन ते घरी आले.

चरबी मंद आचेवर कढवायची असते. पण मंद म्हणजे किती मंद, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून. ज्वांगसाहेब गॅस बारीक करून जरा खुर्चीत टेकले. टेकले एवढंच त्यांना आठवतं. जाग आली तेव्हा कढईतून निळा धूर निघत होता, ओट्यावरचा धुराचा पंखा नुसताच कण्हत होता, आणि धूर शिस्तीत दारातून बाहेर पडून जिन्यात निघाला होता. जिन्यात वस्ती-समितीने नुकतीच धुराची भोंगायंत्रं बसवली होती. बसवल्यापासून त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. आज केलं.

तो आवाज ज्यांनी ऐकला नाही ते भाग्यवान. सगळा जिना खाली उतरला. कुणाच्या केसांना रंग लावलेला, कुणाच्या हातात पत्त्यांचा डाव, वेंग मास्तरांच्या काखेत माशांच्या खाद्याचा डबा. हाओ मावशी तेवढ्या वर आल्या आणि कढईवर झाकण ठेवून गॅस बंद करून मोकळ्या झाल्या. बाओ आजोबा खुर्चीतून हलले नाहीत. “काय जळलं?” एवढंच त्यांनी विचारलं.

खाली वस्ती-समितीच्या फेइताई कर्णा घेऊन आल्या होत्या. फेइताई म्हणजे पन्नाशीची उत्साहाची उकळी. लाल दंडपट्टी, गळ्यात शिटी. त्या रागावल्या असतील अशी ज्वांगसाहेबांची अपेक्षा होती. पण ताई आनंदाने फुलल्या होत्या.

“वाजलं! ज्वांगसाहेब, वाजलं की नाही! लोक म्हणत होते, शोभेची यंत्रं बसवली. आता बोला म्हणावं! जरा इथे उभे राहा. नाही, एप्रन राहू दे. झारा हातात धरा. हं.”

आणि त्यांनी फोटो काढला. दुपारपर्यंत तो वस्तीच्या मोबाईल ग्रुपवर होता. एका रहिवाशाचा निष्काळजीपणा आणि समितीची दूरदृष्टी, अशा अर्थाचं खाली काहीतरी लिहिलेलं. त्यात ज्वांगसाहेबांचे डोळे मिटलेले आले होते. एकूण ध्यान असं दिसत होतं, की पोलिसांनी एखादा फुलाफुलांचा दरोडेखोर पकडलाय.

ज्वांगसाहेबांच्या कचेरीतला एक कारकून त्याच वस्तीत राहात होता. सोमवारी ते कामावर गेले तर टेबलावर कांद्याच्या पातीची एक जुडी ठेवलेली. तिला पत्र्याचा बिल्ला लावला होता, क्रमांकासकट.

*

भोंगा वाजला म्हणजे तपासणी आलीच. गॅसवाला आला, ओट्याखाली वाकला, रबरी नळीकडे बघून चुकचुकला, आणि नळीची मुदत संपली आहे असं सांगून गॅसच्या चावीला सील ठोकून निघून गेला. ज्वांगसाहेब रजा टाकून गॅसच्या कचेरीत गेले.

“नवी नळी बसवून द्या.”

“घर कुणाच्या नावावर?” खिडकीमागच्या मुलीने विचारलं.

“सासऱ्यांच्या.”

“ते कुठे आहेत?”

“घरी.”

“त्यांना आणा. मालक स्वतः लागतात.”

“ते जिना उतरत नाहीत.”

“मग उतरू शकत नाहीत असा डॉक्टरांचा दाखला आणा.”

ज्वांगसाहेब इस्पितळात गेले. डॉक्टर भला माणूस होता. त्याने आजोबांच्या हाडाचा फोटो दिव्यापुढे धरला आणि कौतुकाने बघत राहिला. “काय सुंदर जुळलंय! हा माणूस जिना उतरू शकतो, चढू शकतो, नाचायचं म्हटलं तर नाचूही शकतो.”

“पण उतरत नाहीत ना.”

“‘उतरू शकत नाही’ असा दाखला देता येतो, ज्वांगसाहेब. ‘उतरत नाही’ असा दाखला वैद्यकशास्त्रात नाही.”

राहता राहिले आजोबा. ज्वांगसाहेब खुर्चीमागे उभे राहून अदबीने म्हणाले, “बाबा, एकदा खाली येता का? गाडी दारापर्यंत आणतो. नुसतं तोंड दाखवायचं.”

“गॅस ज्याने बंद पाडला,” आजोबा बाहेर बघतच म्हणाले, “त्याने तोंड दाखवावं.”

म्हणजे आता घरात पोळी नव्हती ती नव्हतीच, पण पेजही नव्हती, चहा नव्हता आणि अंघोळीला गरम पाणीही नव्हतं. शरदातल्या शांघायमध्ये गार पाण्याने अंघोळ करून यूछिन बाहेर आली, की घरातल्या कुणाची तिच्याकडे मान वर करून बघायची छाती होत नसे. बाहेरून डबे येऊ लागले. आजोबा त्या डब्यांकडे बघतसुद्धा नसत. मावशी खालून पेज पाठवत, ती ते दोन घास खात.

मास्तरांनी विजेचा तवा आणून दिला. “यात धूर नाही, ज्योत नाही. शुद्ध विज्ञान.” ज्वांगसाहेबांनी ते विज्ञान भिंतीत खुपसलं मात्र, आणि सगळ्या जिन्याची वीज गेली. खाली कुणाचा तरी रंगात आलेला गाण्याचा सूर मध्येच तुटला. वर मास्तरांच्या काचपेटीतला हवेचा पंप थांबला आणि त्यांचे रंगीत मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडू लागले. वीज येईपर्यंत मास्तर सायकलचा पंप घेऊन पेटीत हवा मारत होते आणि ज्वांगसाहेब, गुन्हेगार या नात्याने, नळी धरून उभे होते.

त्या संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली. उरलेला मैदा पिशवीत बांधला, एप्रन खुंटीला लावला आणि यूछिनच्या शेजारी येऊन बसले.

“मला नाही जमत, यूछिन. झालं ते पुष्कळ झालं. हसं झालं माझं. कचेरीत बाहेरचे लोक येऊन माझ्याकडे बघून जातात.”

ती बाबांच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला शर्ट तसाच धरून ती हळू आवाजात म्हणाली, “काल पाठ चोळत होते त्यांची. हाताला नुसती हाडं लागतात रे. मला वाटलं होतं, पोळीच्या निमित्ताने का होईना…” आणि पुन्हा घड्या घालू लागली.

बायको भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला ज्वांगसाहेबांकडे पुष्कळ उत्तरं होती. मग ते उठले आणि खाली जाऊन हाओ मावशींचं दार ठोठावलं.

“मावशी, तुमच्याकडे ती जुनी कोळशाची शेगडी आहे ना?”

*

रविवारी सकाळी अंगणातल्या कापराच्या झाडाखाली शेगडी मांडली गेली. त्या झाडावरचा बिल्ला ज्वांगसाहेबांच्याच सहीचा, पण आज त्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती. पीठ आदल्या संध्याकाळी मळून रात्रभर झाकून ठेवलं होतं. मावशींनी साटा करून दिला होता. पात मास्तरांनी चिरली होती, फूटपट्टीने मोजल्यासारखी. सामान तीन मजले उतरवताना ज्वांगसाहेबांच्या कमरेत उसण भरली होती, ती वेगळीच.

शेगडी पेटेना. मावशी म्हणाल्या, खालून वारा घाल. मास्तर म्हणाले, वरून. ज्वांगसाहेबांनी दोन्हीकडून घातला आणि डोळ्यांत राख घेतली. मग कोळसा एकदाचा लाल झाला. चरबी लावलेल्या तव्यावर पहिली पोळी पडली, चर्र झालं, आणि चरबी, मीठ अन् भाजक्या पातीचा वास जो सुटला तो सरळ वर चढला. पहिल्या मजल्याची खिडकी उघडली. मग दुसऱ्याची.

पहिली पोळी करपली. दुसरी मध्ये कच्ची राहिली. तिसरीला एका बाजूने पदर सुटले होते आणि दुसऱ्या बाजूने नव्हते. तोपर्यंत शेगडीभोवती दहा-बारा माणसं जमली होती. सगळी झोपेच्या कपड्यांत, आणि सगळ्यांना ज्वांगसाहेब कुठे चुकताहेत ते माहीत होतं.

“आच जास्त आहे.”

“आच कमी आहे, म्हणून तेल पितेय.”

“फोटोतले तेच का हो तुम्ही?”

“दाबा, दाबा! अहो, एवढं नाही!”

फुकट सल्ला देणाऱ्याला भूक लवकर लागते. चौथी पोळी उतरते न उतरते तोच दोन हात पुढे आले. पाचवीला चार. एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला, कुणीतरी मावशींना कोपर मारलं, मावशींनी ते व्याजासकट परत केलं, आणि शेगडी डुगडुगली. ज्वांगसाहेब दोन्ही हात पसरून तवा वाचवत ओरडले, “अहो, ही आमच्या बाबांसाठी आहे! थांबा जरा!” पण खात्यात तीस वर्षं हळू बोलायची सवय लागलेला तो आवाज. तो कोण ऐकतो?

तेव्हा वरून गर्जना झाली.

“एऽऽ! रांग लावा!”

सगळे वर बघायला लागले. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाओ आजोबा कमरेपर्यंत बाहेर आले होते. मागून यूछिनने त्यांचा शर्ट घट्ट धरला होता.

“जनावरं आहात का? तो निळ्या चड्डीतला! तू आत्ता आलास! मी बघितलंय! मागे जा!”

निळ्या चड्डीतला मागे गेला. पण बाकीचे जागचे हलेनात. म्हातारा वर, पोळी खाली. आजोबा खिडकीतून दिसेनासे झाले. आणि थोड्या वेळाने जिन्यात काठीचा आवाज ऐकू आला. थांबत, धापा टाकत, पण खाली येत होता. सोबत यूछिनचं “बाबा, हळू… बाबा, कठडा धरा” आणि आजोबांचं “सोड मला, ते सगळं लुटून नेतील.”

ज्वांगसाहेबांच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तव्यावरची पोळी करपली, तरी त्यांना कळलं नाही.

आजोबा अंगणात आले. काठीने फरशीवर एक रेघ दाखवली. “इथून. एकामागे एक. पोराबाळांच्या आणि नवऱ्यांच्या नावाने जागा धरायची नाही. माणूस दिसला तरच पोळी.” दोनशे बायकांना शिस्त लावलेला आवाज तो. पाहता पाहता रांग झाली, झाडाला वळसा घालून फाटकापर्यंत गेली. मावशींनी स्टूल आणलं. आजोबा रांगेच्या तोंडाशी बसले आणि कोतवाली करू लागले.

“चष्मेवाल्या, तुझ्यापुढे कोण होतं? त्या बाई? मग पुढे काय सरकतोस? छोट्या ज्वांग, हात चालव! लोक उभे आहेत!”

छोट्या ज्वांगने हात चालवला. कमरेतली उसण, डोळ्यांतली राख, सगळं विसरून तो लाटत होता, वळत होता, दाबत होता. पोळ्या काही फार बऱ्या होत होत्या असं नाही. कुणी म्हणे मीठ जास्त, कुणी म्हणे कडेला कच्ची. पण खाऊन झालं की ती माणसं जाऊन पुन्हा रांगेच्या शेपटाला उभी राहात होती.

एवढ्यात शिटी वाजली. फेइताई! दंडपट्टी, कर्णा, सगळ्या आयुधांनिशी. “उघड्यावर शेगडी! ज्वांगसाहेब, परत तुम्हीच? ही परवानगी कुणी…” म्हणत त्या तरातरा तव्यापाशी आल्या.

काठी आडवी झाली.

“रांग कुठे आहे?” आजोबांनी विचारलं.

“आजोबा, मी समितीची…”

“समितीला पोट आहे ना? मग मागे.”

ताईंनी रांगेकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं. वाऱ्याची झुळूक नेमकी त्यांच्या बाजूला आली. कर्णा काखेत मारून त्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. जाता जाता मावशींना म्हणाल्या, “आजोबा उतरतात की खाली! मग गॅसच्या कचेरीत का नेत नाही यांना?”

“नेऊ की,” यूछिन म्हणाली. “तिथेही रांग असते. जातील.”

पीठ संपत आलं. शेवटचा गोळा ज्वांगसाहेबांनी मन लावून लाटला. तो मात्र जमला. कडा सोनेरी, मध्ये वेटोळं स्पष्ट, दाबल्यावर पदर सुटून करकर आवाज. त्यांनी तो कागदावर घेतला, घाम पुसला आणि दोन्ही हातांनी सासऱ्यांपुढे धरला. इतक्या दिवसांच्या अपमानांची ही एकच भरपाई होती.

आजोबांनी पोळीकडे पाहिलं. मग रांगेकडे.

“आता नंबर कुणाचा?”

“बाबा, तुमच्यासाठीच तर हे सगळं…”

“नंबर कुणाचा ते विचारलं मी.”

नंबर फेइताईंचा होता. पोळी फेइताईंना गेली. ताईंनी तिथेच उभ्या उभ्या खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाल्या, “वा! ज्वांगसाहेब, उद्यापासून मात्र उघड्यावर चालणार नाही हं.”

आजोबांनी पिठाचं रिकामं पातेलं पाहिलं आणि ते भडकले. “संपलं? एवढ्यात? हे काय दुकान आहे? मी सकाळपासून इथे बसलोय, मला काही नाही? पुढच्या वेळी दुप्पट पीठ मळ. आणि लवकर उठ, लवकर!” एवढं बोलून ते काठी आपटत जिन्याकडे निघाले. यूछिन मागे धावली. दर पायरीला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. निळ्या चड्डीवाल्याचा बाप गिरणीत होता, तोही असाच घुसायचा. पोळीवाल्याच्या रांगेत एकदा त्या बापाशीच मारामारी झाली होती. मजा यायची सकाळी. आता काय, सगळे घरात बसतात.

लोक पांगले. मास्तर आणि मावशी शेगडी कुणी विझवायची यावरून भांडत होते. ज्वांगसाहेब जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. कंबर सरळ होत नव्हती, एप्रनला राख लागली होती, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण स्वतः एकही घास खाल्लेला नाही. ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्यानेही नाही. तव्याला एक करपलेली किनार चिकटली होती, ती त्यांनी नखाने सोडवून तोंडात टाकली. बरी होती. फार काही नव्हती.

वर खिडकी उघडली. यूछिन बाहेर वाकली. हसत होती की रडत होती ते खालून नीट दिसत नव्हतं.

“ज्वांग! अरे, मावशींनी पाठवलेली पेज होती ना, साधी? बाबांनी सगळी खाल्ली! दुसरा वाडगा मागताहेत! म्हणतात, चिडलं की भूक लागते! मावशींकडे अजून आहे का बघ, आणि लगेच वर घेऊन ये!”

“आणतो,” ज्वांगसाहेब म्हणाले.

आणि डोळे मिटून, आणखी जरा वेळ, तिथेच बसून राहिले.